विकत न घेतलेलं तिकीट

बँकेतल्या मुलीने दोन चकचकीत कागद आमच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "काका, वर्षातून साधारण किती वेळा विमानाने जाता?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीतून बाहेर, उन्हात तापत उभ्या असलेल्या आमच्या स्कूटरकडे बघत होती. आम्ही दोघं उभ्या आयुष्यात कधी विमानात बसलो नव्हतो. हल्ली सोलापुरात विमान उतरतं. त्याचा आवाज दुकानात ऐकू आला की गिऱ्हाईक हातातली चादर तशीच धरून वर बघतं, आणि मी मात्र खाली बघतो. एवढं मोठं धूड वर गेलंय ते कधीतरी भलतीकडेच खाली येणार, असं माझं मन मला सांगत राहतं. मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं सगळं वाचताना कोणाला आश्चर्य वाटायला नको.

"अजून गेलो नाही," मी म्हणालो. "आता जायचंय."

"अरे वा! फिरायला?"

खरं उत्तर द्यायचं तर तिला सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. इथे सांगतो. आमची एकुलती एक लेक लग्न होऊन गुवाहाटीला गेली. जावई तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याला आई नाही. लेकीला दिवस गेले होते, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची साफ बंदी केली होती.

ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्याकडे ते कोणी ठरवावं लागत नाही, पहिलं बाळंतपण माहेरीच. मी हौसेने सागवानी पाळणा आणला. दुकान टॉवेल-चादरींचं, त्यामुळे ओळखीच्या विणकराकडून तान्ह्या बाळापुरते मऊ टॉवेल विणून घेतले, कडेला पिवळी पट्टी घालून. हिने जुन्या साड्यांची दुपटी शिवली, झबली-टोपडी आणली, सगळं धुऊन, घड्या घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात लावलं. शेजारपाजारच्या बायकांना कौतुकाने दाखवलं. बाळ आलं, पण रडलं नाही.

यात कोणाचीच चूक नव्हती, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून, आवाज खाली आणून सांगितलं. मी मान हलवली. हिने नाही हलवली. महिनाभरात पाळणा, टॉवेल, दुपटी सगळं घरातून गेलं. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. फक्त एकदा स्वयंपाकघरातून, पाठमोरी असताना, ही म्हणाली, "आपुन आधीच समदं मांडून बसलो. यायच्या आधी काय बी घ्यायचं नसतंय. माजी आय सांगत हुती."

हिचं माहेर अकलूजकडचं. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विकत घेऊ नये, ही रीत माझ्याही कानावर होती, पण शहरात दुकान थाटलेली माणसं आम्ही, पहिल्या खेपेला हसून सोडून दिली होती. दुसऱ्या खेपेला कोणी हसलं नाही. पुन्हा दिवस गेल्याचा लेकीचा फोन आला त्या दिवसापासून आमच्या घरात तो कायदा झाला. दुपटं नाही, टोपडं नाही, डिंकाचे लाडू नाहीत. आणि मी गुवाहाटीच्या तिकिटाचा विषय काढला तेव्हा ही म्हणाली, "तिकीट बी न्हाय. ते बी त्याच्यासाटीच घेतल्यागत हुतंय."

मी बी.कॉम. झालेलो माणूस. वाद घालायला हवा होता. तोंडदेखला घातलाही. पण खरं सांगतो, हिने नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, पण त्या मोडून बघायची छातीही नव्हती. उद्या काही झालंच असतं, तर तिकीट मी काढलेलं असणार होतं.

आता यात क्रेडिट कार्ड कुठून आलं? तर बँकेच्या फोनवरून. एरवी असल्या फोनवाल्यांवर मी डाफरतो. त्या दिवशी फोनचा स्पीकर चालू होता आणि पलीकडची मुलगी एका दमात म्हणून गेली, "सर, या कार्डावर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर विमानाचं तिकीट फुकट." ही गव्हारीच्या शेंगा मोडत होती. तिचा हात थांबला.

"फुकट म्हंजे कसं? इचारा की तिला," ही म्हणाली.

म्हणून आम्ही बँकेत बसलो होतो. मुलगी समजावून सांगत होती. एक कार्ड लाल, एक निळं. लाल कार्डावर आपण जेवढी खरेदी करू तसे पॉइंट हळूहळू साठत जातात आणि ते कुठल्याही विमान कंपनीला चालतात. निळं कार्ड एकाच कंपनीचं, पण वर्षाची फी भरली की स्वागताचे म्हणून एकदम पॉइंट मिळतात, एका माणसाच्या एका बाजूच्या तिकिटापुरते. शिवाय विमानतळावर बसायला खास खोली, तिथे जेवणही फुकट.

"डबा न्हेऊ की," ही पुटपुटली.

माझे प्रश्न वेगळे होते. कार्ड हरवलं तर? कोणी नंबर चोरला तर? मी जन्मभर रोखीत धंदा केला. खिशातलं गेलं तर खिशातलंच जातं, पण हे कार्ड म्हणजे आपण झोपलेलो असताना कोणीतरी दिल्लीत बसून आपल्या नावावर टीव्ही घेणार, असं मी ऐकून होतो. मुलगी हसून म्हणाली, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मग काही होत नाही. कोणालाही म्हणजे हिलासुद्धा नाही का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण हीच शेजारी बसलेली. शेवटी मी विचारलं, "हे पॉइंट टिकतात किती?"

"ठराविक मुदत असते काका. मग ते एक्स्पायर होतात."

तो शब्द मला नको होता. डॉक्टरांच्या कागदावर मी तो एकदा वाचला होता. मी दोन्ही कागद गोळा करून मुलीकडे सरकवले आणि उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात हिने तोंड उघडलं. सगळ्या वेळात हिचा तो एकच प्रश्न.

"बाई, ह्या पॉइंटांवर तिकीट आलं, तर ते इकत घेतलं असं हुतंय का?"

मुलीला प्रश्नाचा रोख कळणं शक्यच नव्हतं. तिला वाटलं, मावशींना पैशाची काळजी. तिने खात्रीने सांगितलं, "अजिबात नाही मावशी. विकत नाहीच. हे बक्षीस असतं."

"मग ह्येच द्या. निळं," ही म्हणाली.

तर आमच्या घरात विमानाचं कार्ड आलं ते असं. लोक व्याज बघतात, सवलती बघतात, चार ठिकाणी चौकशा करतात. आम्ही रीत मोडत नाही एवढंच बघितलं. मग वर्षाची फी कशी भरली, असं कोणी विचारेल. ते मीही विचारलं. ही म्हणाली, "ती बँकेची फी हाय. बाळाची न्हाय." मीही त्या फटीतून निसटायलाच बघत होतो.

कार्ड आलं तसं देवघराच्या खालच्या फळीवर गेलं. त्यावर काहीही खरेदी करायची नाही असं ठरलं. काही दिवसांत पॉइंट आल्याचा मेसेज आला. आमचा बेत असा होता: बाळ झालं की जावई फोन करणार, त्याच मिनिटाला पॉइंटांवर हिचं तिकीट काढायचं, सोलापुरातून गुवाहाटीचं विमान नाही म्हणून मी गाडी करून हिला पुण्याच्या विमानतळावर सोडणार, आणि ही बाळाला मांडीवर घ्यायला उडणार. पॉइंट एकाच तिकिटाचे, म्हणून मी नंतर बारशाला आगगाडीने जाणार. बेत पक्का होता. त्यात लेकीचं काय, हे आम्ही दोघांनीही धरलंच नव्हतं.

ती फोनवर विचारायची, "आई कधी येतेय?" आम्ही म्हणायचो, "येणार की, येणार." महिने भरत आले तशी ती कमी विचारू लागली. मला वाटलं, पोर समजूतदार आहे.

मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर आधी फोन बघायचो. काही नसलं की दिवस ढकलायचो. फोन वाजला की कोणाचा ते बघून मगच उचलायचो. गिऱ्हाईकाला पट्टीने चादर मोजून दाखवताना मोजणी चुकायची. घरी ही आणि मी त्या विषयावर अवाक्षरही काढत नव्हतो. जेवताना भाकरीबद्दल बोलायचो, पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचो. खालचा कप्पा रिकामाच होता. येता-जाता माझी नजर तिकडे जायची आणि मी ती लगेच काढून घ्यायचो.

एका दुपारी जावयाचा फोन आला. लेकीचं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवड्याभरात दवाखान्यात ठेवावं लागेल, कदाचित दिवस भरायच्या आधीच सोडवावं लागेल. त्याच्या पाळ्या बदलून मिळत नाहीत, दिवसभर ती घरात एकटी असते. तो शांतपणे बोलायचा प्रयत्न करत होता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मी शटर अर्धं ओढलं आणि घरी आलो. हिला सांगितलं. ही खाली बसली. मग उठून देवघरातून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. "पॉइंटांचं काडा," ती म्हणाली. "ते इकतचं न्हाय. आधी गेलं तरी चालतंय."

मी फोनवर कंपनीचं पान उघडलं. तारीख घातली. पॉइंटांवर जागा नाही. दुसऱ्या दिवशीची घातली. नाही. तिसऱ्या दिवशीची घातली. बँकेला फोन लावला, तेव्हा बऱ्याच वेळाने एक माणूस म्हणाला, सर, प्रत्येक विमानात पॉइंटांच्या जागा थोड्याच असतात, आत्ता तीन आठवड्यांनंतरची मिळू शकेल. पैसे भरून हवी असेल तर आहेत भरपूर. एवढी साधी गोष्ट. बँकेत मी पन्नास भलत्या गोष्टींना घाबरलो, तेवढी एकच विचारायची राहिली होती.

"इकतचंच हाय," मी हिला म्हणालो.

ही भिंतीला टेकली. "न्हाय," ती म्हणाली. "मला जायचंय वो. लई जायचंय. पर इकत न्हाय. पुन्यांदा न्हाय."

मी ओरडावं की पाया पडावं, ते मला कळत नव्हतं. तेवढ्यात लेकीचाच फोन आला. जावयाने सांगितलं असणार. मी स्पीकर लावला आणि घाईघाईने सगळं समजावू लागलो, पॉइंटांच्या जागा, तीन आठवडे, बँकेचा माणूस. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अप्पा, थांबा. मला सगळं माहितीय. आई तिकीट का काढत नाही तेही माहितीय."

हिने मान खाली घातली.

"इथं घरात एक लंगोटसुद्धा नाही," लेक म्हणाली. "यांनाही आईनेच सांगितलंय ना, काही आणू नका म्हणून? मी दिवसभर रिकाम्या घरात पडून असते. तुम्ही सगळे मिळून बाळ येणार नाही असंच धरून बसलाय. मी एकटीच ते येणार म्हणतेय. अप्पा, मला लई भीती वाटते. येणार असं धरून चालणारं एक तरी माणूस पाठवा."

शिकून मोठी झालेली, फोनवर नेहमी स्वच्छ बोलणारी लेक 'लई' म्हणाली, आणि मला तिचा लहानपणीचा आवाज ऐकू आला. फोन ठेवला. मी हिला विचारलंही नाही. चष्मा लावला आणि कार्डाचा नंबर एकेक आकडा म्हणत घातला. ओटीपी आला. पानावर घड्याळ उलटं पळत होतं आणि माझं बोट काही केल्या बरोबर आकड्यावर पडत नव्हतं. हिने माझं मनगट धरलं. आकडे मोठ्याने मीच वाचून दाखवले, ते तिने दाबले. बँकेच्या मुलीने दिलेला नियम तिथेच मोडला. तिकीट निघालं, परवाचं.

आणि मग मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही, बहुतेक माझाच. मी चप्पल घातली आणि स्कूटर काढून सरळ बाजारात गेलो. तान्ह्या मुलांच्या कपड्यांचं एक छोटं दुकान मला माहीत होतं, मागच्या खेपेला तिथूनच घेतलं होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, दाढी पांढरी. त्याने मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

"टोपडं दाखवा. आणि झबली," मी म्हणालो.

त्याने डबा उघडला. "क्या हुआ काका, बेटा क्या बेटी?"

"अजून व्हायचंय."

त्याचा हात डब्यातच राहिला. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "अभीच लेरे? हमारे में भी पैले नै लेते."

मला वाटलं, पळून जावं. त्याचं खरं होतं, हिचं खरं होतं, हिच्या आईचंही खरं असेल. सगळ्या जगाला ठाऊक होतं आणि मी एकटा उफराटं करायला निघालो होतो. मी काउंटरला धरलं. "व्हय," मी म्हणालो. "आत्ताच घेतोय."

मग त्याने डब्यातलं लहान टोपडं बाजूला ठेवलं आणि वरच्या फळीवरून दुसरं काढलं, पांढरं, हनुवटीखाली बांधायला बंद असलेलं, बरंच मोठं. "तो फिर ये लो," तो म्हणाला. "छोटा तो पंधरा दिन भी नै पुरता. बच्चे बढ़ते ना."

ते मोठं टोपडं हातात घेताना जेवढी भीती वाटली, तेवढी तिकीट काढतानाही वाटली नव्हती. तिकीट येण्यापुरतं होतं. हे टोपडं बाळ आल्यावर, राहिल्यावर, वाढल्यावर लागणारं होतं. मी कार्ड पुढे केलं. मशीनमधून चिठ्ठी निघाली आणि खिशात फोन वाजला, अमुक पॉइंट जमा झाल्याचा मेसेज.

घरी येऊन मी पुडकं पलंगावर ठेवलं. ही बॅग भरत होती. शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि वेगवेगळ्या पुरचुंड्यांत डिंक, खारीक, अळीव. लाडू नाहीत, नुसतं सामान. लाडू तिकडे, झाल्यावर. तिने पुडकं उघडलं आणि बघत राहिली. मी बोलणी खायला तयार होतो. ती टोपडं आणि झबली उचलून न्हाणीघरात गेली. थोड्या वेळाने कोमट पाण्याचा आवाज आला. नवं कापड तान्ह्याला टोचतं, ते धुऊन मऊ करावं लागतं.

मग ते घेऊन ती अंगणात आली आणि दोरीवर वाळत घातलं. आत नाही, गच्चीवर नाही, रस्त्यावरून दिसतं त्या दोरीवर. शेजारच्या बाईंनी फाटकातून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली ती मला दिसली. हिलाही दिसली. ही चिमटे लावत राहिली. मी टोपड्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. कशापासून राखण करत होतो कोण जाणे, पण ते वाळेपर्यंत उठलो नाही. आमच्या गावच्या उन्हात तशाही गोष्टी फार वेळ ओल्या राहत नाहीत.

पुण्याला जाताना ही टेंभुर्णीपर्यंत बॅग मांडीवर धरून बसली होती. उजनीचं पाणी दिसलं तेव्हा तिने मनातल्या मनात हात जोडले असावेत, ओठ हलले. विमानतळाच्या दारात बंदूकवाल्या जवानाने मला अडवलं, पुढे फक्त तिकीटवाल्यांनाच सोडतात. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता रडेल. "ती फुकट जेवणाची खोली कुठं हाय म्हणालती ती पोरगी?" तिने विचारलं. मग आत गेली. काचेतून दिसेनाशी होईपर्यंत ती वळून बघत होती, आणि मी नको तेवढा हात हलवत होतो. त्यानंतर विमान उठलं असेल ते मी पाहिलं नाही. गाडीत डोळे मिटून बसलो होतो.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. तिने फोन करायचा आणि मी उचलायचा एवढंच उरलं होतं. पोचले. दवाखान्यात ठेवलंय. प्रेशर तसंच हाय. लेकीने टोपडं बघितलं आणि घेऊन उशीखाली ठेवलंय. प्रेशर तसंच हाय. उद्या सोडवणार म्हणत्यात.

त्या उद्याला मी दुकान उघडलं. घरी बसणं शक्य नव्हतं. एका गिऱ्हाईकाला चादरींचा ढीगच्या ढीग उलगडून दाखवला, त्याने एकही घेतली नाही, मला राग आला नाही. फोन वाजला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चादर होती. ती खाली पडली. मी फोन कानाला लावला. पलीकडून कोणी बोलत नव्हतं. नुसतं भांडी पडल्यासारखं काहीतरी, माणसांची गडबड, आणि त्या सगळ्याच्या वर एक बारीक, चिडलेलं, न थांबणारं रडणं.

मग ही आली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"अहो, ऐकताय का? टोपडं लई मोटं हुतंय. समदं डोळ्यांवर येतंय."

"असू दे," मी म्हणालो. "मुद्दाम मोठं घेतलंय."